ब्रिटिश सीगल आउटबोर्ड इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश सीगल म्हणजे नेमके काय?

लहान होडीच्या मागच्या फळीला शिकंजाने अडकवायचे, वर इंजिन, खाली पाण्यात पंखा आणि मधे एक लांब नळी, अशा रचनेचे हे इंग्लंडमध्ये तयार होणारे आउटबोर्ड इंजिन होते. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे आणि दोरी ओढून सुरू करायचे हे यंत्र 1931 साली बाजारात आले आणि 1996 पर्यंत तयार होत राहिले. वेगाने जाणाऱ्या बोटींसाठी ते कधीच नव्हते. नांगरून ठेवलेल्या शिडाच्या नौकेपर्यंत नेणारी छोटी होडी, खाडीत गळ टाकायला जाणारी होडी, वारा पडल्यावर अडकलेली लहान शिडाची नौका, हे त्याचे गिऱ्हाईक.

आउटबोर्ड इंजिनाची कल्पना ब्रिटिशांची आहे का?

नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने आणि पाठोपाठ 1909 साली मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने हा धंदा उभा केला. सीगल आले तेव्हा कल्पना वीस-पंचवीस वर्षे जुनी झाली होती, आणि सीगलच्या कर्त्यांनी नवा शोध लावल्याचा आव आणल्याचे दिसत नाही.

या इंजिनाचा जन्म कुठे झाला?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते, कारण पुढे ‘साधे आणि स्वस्त’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या यंत्राचे माहेर एका अतिशय खानदानी कारखान्यात आहे. वुल्व्हरहॅम्प्टन येथील जॉन मार्स्टन लिमिटेड ही ती कंपनी. संस्थापक जॉन मार्स्टन यांचा मूळ व्यवसाय धातूच्या वस्तूंवर काळा, आरशासारखा चकचकीत रोगण चढवण्याचा. पुढे त्यांनी ‘सनबीम’ या नावाने सायकली आणि नंतर मोटारसायकली काढल्या. सनबीम सायकलची साखळी तेलाने भरलेल्या बंद पेटीतून फिरत असे. पँटला डाग नाही, साखळीला गंज नाही, अशी तिची ख्याती होती. मार्स्टन 1918 मध्ये वारले आणि कंपनी पुढे एका मोठ्या रासायनिक उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. त्याच कारखान्यात जॉन वे-होप आणि बिल पिनिगर या दोघांनी आखलेले आउटबोर्ड इंजिन 1931 मध्ये ‘मार्स्टन सीगल’ या नावाने तयार होऊ लागले.

तेल एका थेंबानेही बाहेर सांडू न देणाऱ्या कारखान्यातून निघालेले हे इंजिन पुढे तेल गाळणारे म्हणूनच प्रसिद्ध व्हावे, ही गंमत या इतिहासात आहे.

मग ते पूल (Poole) या बंदराच्या गावी कसे गेले?

त्या काळात मार्स्टनच्या जुन्या उद्योगाची फाटाफूट होत होती. सनबीम मोटारसायकलचे नाव 1937 साली दुसऱ्या कंपनीला विकले गेले. तीसचे दशक सरत असतानाच वे-होप आणि पिनिगर यांनी सीगलचे हक्क स्वतःकडे घेतले आणि डॉर्सेट परगण्यातील पूल येथे आपले बस्तान बसवले. जागेची निवड शहाणपणाची होती. पूलचे बंदर विस्तीर्ण पण बहुतेक ठिकाणी उथळ, भरती-ओहोटीला चिखल उघडा पडणारे आणि लहान होड्यांनी गजबजलेले आहे. अशा पाण्यात जे यंत्र टिकते ते बाकी बहुतेक ठिकाणी टिकते.

दुसऱ्या महायुद्धाशी सीगलचा काय संबंध?

सीगलची ओळख खऱ्या अर्थाने युद्धाने घडवली. ब्रिटिश नौदलाला तराफे, सैनिकी होड्या आणि पूल बांधण्याची तरंगती सामग्री हलवण्यासाठी इंजिन हवे होते. ही ओझी जड, बोजड आणि पाण्याला प्रचंड विरोध करणारी असतात. त्यांना वेग नको असतो, रेटा हवा असतो. इंजिन चालवणारा सैनिक बहुधा यंत्रातला जाणकार नसणार आणि दुरुस्तीचे दुकान जवळपास नसणार, हेही गृहीत होते. यातून 102 घन सेंटीमीटर क्षमतेचे, मोठ्या पंख्याला सावकाश फिरवणारे रूप पक्के झाले आणि अशी इंजिने हजारोंनी बनवली गेली. काम संपल्यावर टाकून देण्याच्या बोलीवर ती बनवली होती आणि तरीही ती पुढे कित्येक वर्षे नागरी होड्यांवर चालत राहिली, अशी कथा सीगलचे चाहते आवडीने सांगतात. कथेतला रंग बाजूला ठेवला तरी एवढे खरे की युद्धकाळात ठरलेला तो आराखडा कंपनीने शांततेच्या काळात फारसा बदलला नाही. पुढच्या तीन दशकांतली इंजिने त्याच घराण्यातली वाटतात.

‘जगासाठी सर्वोत्तम आउटबोर्ड मोटार’ ही घोषणा कोणाची?

कंपनीचीच, आणि ती अनेक वर्षे जाहिरातींत झळकत होती. त्यातील विभक्ती-प्रत्ययाकडे लक्ष द्यावे. घोषणा ‘जगातील सर्वोत्तम’ अशी नाही, ‘जगासाठी सर्वोत्तम’ अशी आहे. एक अर्थ असा की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, कुठल्याही पाण्यात, कोणाच्याही हातात चालेल असे यंत्र. दुसरा अर्थ असा की प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली तर निसटायला वाट मोकळी. जाहिरातीचे इतके चतुर आणि तरीही बऱ्याच अंशी प्रामाणिक वाक्य क्वचितच सापडते.

सीगलला ‘स्वस्तातला’ ब्रँड का म्हणतात? माल हलका होता का?

‘स्वस्त’ आणि ‘हलके’ या शब्दांची गल्लत इथे नेहमी होते. सीगलमधील धातू हलक्या प्रतीचा नव्हता. इंधनाची टाकी पितळी पत्र्याची, बेअरिंगे काशाची, गतिचक्र (फ्लायव्हील) चांगले वजनदार. खर्च वाचवला गेला तो भाग गाळून. इंजिनावर झाकण नाही. दोरी आपोआप गुंडाळणारी यंत्रणा नाही. जुन्या नमुन्यांत क्लच नाही, आणि क्लच आला तरी उलटा गिअर नाही. इंजिन बंद करायला बटण नाही, तर थ्रॉटल मिटून आणि हवेची झडप लावून त्याचा गळा आवळावा लागतो. पाण्याच्या पंपात दरवर्षी बदलावा लागणारा रबरी पंखा नाही. गिअरपेटीच्या दांड्यावर पाणी पूर्णपणे अडवणारे आधुनिक सीलही नाही.

या यादीतील प्रत्येक ‘नाही’ म्हणजे एक बिघडू न शकणारा भाग आणि त्याच वेळी एक गैरसोय. सीगलची कीर्ती आणि अपकीर्ती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे ध्यानात घेतले तर त्याच्याविषयी ऐकू येणाऱ्या टोकाच्या मतांचा उलगडा होतो. चाहता आणि टीकाकार एकाच यादीवर बोट ठेवतात.

त्याची अश्वशक्ती नेमकी किती होती?

लहान ‘फॉर्टी’ मालिकेची आणि ‘फेदरवेट’ची क्षमता 64 घन सेंटीमीटर, तर ‘सेंच्युरी’ आणि ‘सिल्व्हर सेंच्युरी’ यांची 102 घन सेंटीमीटर. ढोबळ मानाने लहान इंजिने 2 ते 3 आणि मोठी 4 ते 5 अश्वशक्तीची धरली जातात. मात्र अश्वशक्तीचा आकडा मिरवण्यापेक्षा ‘हे इंजिन अमुक लांबीची आणि अमुक वजनाची होडी नेईल’ असे सांगण्याकडे कंपनीचा कल असे.

यामागे तांत्रिक कारण आहे. इंजिनाची शक्ती सारखीच असली तरी लहान पंखा वेगाने फिरवणे आणि मोठा पंखा सावकाश फिरवणे यांचा परिणाम सारखा नसतो. हलकी, सपाट तळाची होडी पाण्यावर उचलून पळवायची असेल तर पहिला मार्ग बरा. जड नौका ओढायची असेल तर दुसरा. सिल्व्हर सेंच्युरीला पाच पात्यांचा रुंद पंखा असे आणि गिअरपेटी त्याचे फेरे इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने बरेच कमी करत असे. त्यामुळे हे छोटे इंजिन भल्या मोठ्या नौकेलाही, बैलगाडीच्या चालीने का होईना, हलवत असे. हीच जोडी हलक्या रबरी होडीला लावून ‘सीगलला दम नाही’ असे म्हणणाऱ्याने नांगराला जुंपलेल्या बैलाकडून शर्यतीची अपेक्षा केलेली असते.

इंजिन सुरू कसे करतात? ते खरोखर इतके हट्टी आहे का?

पेट्रोलचा नळ उघडावा. कार्बुरेटरवरील छोटी कळ पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबून धरावी. हवेची झडप लावावी. मग एका टोकाला गाठ असलेली सुटी दोरी उघड्या गतिचक्राच्या खाचेत अडकवून गुंडाळावी आणि जोराने ओढावी. इंजिन धडधडले नाही तर दोरी पुन्हा गुंडाळावी. आपल्याकडे ज्यांनी चेतक स्कूटर तिरकी करून किकवर किक मारल्या आहेत, त्यांना हा विधी परका वाटणार नाही.

सुस्थितीतले सीगल दोन-तीन ओढींत सुरू होते. हट्टीपणाची बहुतेक प्रकरणे तीन कारणांपाशी येऊन थांबतात: प्लगवर साचलेले तेल, मॅग्नेटोतील (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रणेतील) पॉइंटांवर चढलेला गंज किंवा म्हातारा झालेला कंडेन्सर, आणि महिनोन्‌महिने टाकीत राहून शिळे झालेले मिश्रण. व्हिलियर्स या वुल्व्हरहॅम्प्टनच्याच कंपनीचा मॅग्नेटो आणि कार्बुरेटर जुन्या सीगलवर असत. त्यांचा आराखडा इतका साधा आहे की पाना, पेचकस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर बरेचसे काम भागते.

धोका मात्र खरा आहे. गतिचक्र उघडे असते आणि ते इंजिन चालू असताना फिरतच राहते. बोटे, सैल बाही, गळ्यातला रुमाल दूर ठेवावा. दोरी ओढताना मागे कोणी बसलेले नाही ना हे पाहावे, कारण गाठीचे टोक चाबकासारखे फटकारते. आणि बिनक्लचच्या नमुन्यात इंजिन पेटताच होडी चालू लागते, म्हणून काठाला बांधलेला दोर सोडण्याआधी होडीचे तोंड कुठे आहे याचा विचार झालेला असावा.

पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे? 10 ला 1 हे खरे आहे का?

जुन्या इंजिनांसाठी होय, दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल. आपल्याकडे स्कूटर आणि लुनाच्या जमान्यात पेट्रोल पंपावर दोन-चार टक्के तेल टाकून घेणाऱ्यांना हे प्रमाण ऐकून धक्का बसेल. कारण असे की मुख्य दांडा साध्या काशाच्या बेअरिंगांत फिरतो, त्यात गोळ्या किंवा रोलर नाहीत, आणि तेलाचा जाड थरच त्याचा आधार आहे. त्याशिवाय क्रँकपेटीची हवाबंद अवस्थाही काही अंशी या तेलावर टिकते.

पुढच्या काळात कंपनीने 25 ला 1 प्रमाणाची इंजिने काढली. जुने इंजिन या प्रमाणावर आणता येते, पण नुसते तेल कमी करून भागत नाही. मिश्रणात तेल घटले की त्याच थेंबात पेट्रोल वाढते, आणि कार्बुरेटर आधीच्याच मापाचा राहिला तर इंजिनाला पेट्रोल जास्त होऊन ते गुदमरते. म्हणून कार्बुरेटरमधील पेट्रोलचे माप ठरवणारी सुई किंवा जेट बदलावी लागते. ज्याला हा खटाटोप नको असेल त्याने मूळ प्रमाण पाळावे. 50 ला 1 चे आधुनिक मिश्रण मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

गिअरपेटीतून तेल गळते. हा दोष आहे का?

आजच्या मोजमापाने दोष, त्या काळच्या विचाराने सोय. पेटीत 140 ग्रेडचे घट्ट गिअर तेल भरायचे, थोडे पाणी आत शिरणार आणि थोडे तेल बाहेर जाणार हे धरून चालायचे. पाणी आणि तेल मिसळून ताकासारखा पांढरट चिखल तयार होतो. तो पाहून नवा मालक घाबरतो. सावकाश फिरणारे जाड दातांचे गिअर त्यातही चालतात. अट एवढीच की तेल वरचेवर पाहिले पाहिजे आणि हंगामानंतर बदलले पाहिजे. जो हे करत नाही त्याचे गिअर झिजतात, आणि मग दोष ब्रँडच्या माथी जातो.

पंखा दगडावर आपटला तर?

इतर अनेक आउटबोर्डांत अशा वेळी एक पिन तुटते आणि ती बदलेपर्यंत होडी निराधार होते. सीगलमध्ये पंख्याला जोर पोचतो तो एका जाड स्प्रिंगमधून. धक्का ती सोसते. हा भाग आराखड्यातला सर्वांत सुंदर भाग आहे, असे माझे मत आहे.

‘समुद्रात बुडालेले सीगल काढून सुरू केले’ या गोष्टी खऱ्या मानाव्यात का?

तत्त्वतः त्यात अशक्य काही नाही. जुन्या नमुन्यांत इलेक्ट्रॉनिक भाग नाही, गुंतागुंतीच्या नळ्या नाहीत. गोड्या पाण्याने धुवावे, सिलिंडर आणि क्रँकपेटीतील पाणी काढावे, तेल सोडावे, मॅग्नेटो वाळवावा, की इंजिन बोलू लागते. मात्र हे सगळे बाहेर काढल्यावर लगेच करावे लागते. खाऱ्या पाण्यातून काढून तसेच परसात टाकलेले कोणतेही इंजिन वाचत नाही, सीगलही नाही. ‘अमर’ हे विशेषण चाहत्यांनी दिलेले आहे आणि ते चाहत्यांच्या तोंडीच शोभते.

इतके टिकाऊ होते तर कंपनी बंद का पडली?

टिकाऊपणा हेही एक कारण मानावे लागेल. बापाने घेतलेले इंजिन मुलाला पुरत असेल तर नवे कोण घेणार? पण मुख्य कारण गिऱ्हाइकाची बदललेली अपेक्षा. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत यामाहा, सुझुकी, तोहात्सू यांची लहान जपानी इंजिने युरोपच्या बाजारात आली. ती झाकलेली, शांत, ओढताच सुरू होणारी, गिअर असलेली होती आणि पन्नासाला एक तेलावर चालत. शनिवार-रविवारी होडीवर जाणाऱ्या माणसाला यंत्र समजून घेण्यात रस नव्हता, त्याला ते चालायला हवे होते. यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

सीगलने प्रयत्न केले नाहीत असेही नाही. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले, दोरी आपोआप गुंडाळणारे नमुने आले, तेलाचे प्रमाण घटले. परंतु हे सारे मूळ युद्धकालीन सांगाड्यावर चढवलेले ठिगळ होते. जी गोष्ट भाग गाळून स्वस्त झाली होती तिला भाग जोडत गेल्यावर ती स्वस्तही राहिली नाही आणि जपानी इंजिनाइतकी सुखाचीही झाली नाही. 1996 मध्ये उत्पादन थांबले.

प्रदूषणाच्या कायद्यांमुळे ते बंद झाले, असे ऐकले आहे.

काळ जुळतो, कारण तसे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आउटबोर्डसाठी उत्सर्जनाचे नियम जाहीर केले ते 1996 सालीच, आणि युरोपातील निर्बंध त्यानंतर काही वर्षांनी लागू झाले. तोवर सीगल बाजारातून गेलेच होते. तथापि ते राहिले असते तरी या नियमांतून पार पडले नसते. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा लक्षणीय भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो, आणि सीगलमध्ये त्या मिश्रणाचा अकरावा हिस्सा तेल असे. होडीमागे पाण्यावर पसरणारा इंद्रधनुषी तवंग त्याच्या मालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्या तलावांवर किंवा जलाशयांवर टू-स्ट्रोक इंजिनांना मनाई आहे तिथे सीगल नेऊ नये, आणि जिथे मनाई नाही तिथेही पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर ते चालवू नये.

आता या इंजिनाची किंमत आणि प्रतिष्ठा काय आहे?

ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथे ते संग्राहकांचे आणि हौशी दुरुस्तीकारांचे लाडके आहे. न्यूझीलंडमध्ये वायकाटो नदीवर केवळ सीगल इंजिनांच्या शर्यती झाल्या आहेत. ज्या यंत्राने वेगाकडे पाठ फिरवली त्याच्याच शर्यती लावायच्या, यात एक प्रकारची प्रेमळ थट्टा आहे. सुटे भाग अजून मिळतात, कारण तीस-चाळीस वर्षे आराखडा फारसा बदलला नाही आणि एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या इंजिनाला बहुधा बसतो. दुर्मीळ सुरुवातीचे मार्स्टन नमुने सोडले तर ही इंजिने गुंतवणुकीची वस्तू नाहीत.

माझ्या हाती आलेले इंजिन कोणत्या सालचे आहे हे कसे कळेल?

क्रँकपेटीवर ठोकलेला अनुक्रमांक पाहावा. सुरुवातीची अक्षरे नमुन्याची जात सांगतात, आणि नंतरच्या काळातील इंजिनांवर शेवटची अक्षरे आणि आकडे महिना आणि वर्ष सांगतात. मात्र टाकी, पंखा, कार्बुरेटर हे भाग अनेकदा बदललेले असतात, तेव्हा टाकीवरचे चित्र पाहून साल ठरवू नये.

जुने सीगल विकत घेताना काय तपासावे?

गतिचक्र हाताने फिरवून दाब जाणवतो का ते पाहावे. दांडा आडवा हलत असेल तर बेअरिंगे झिजली आहेत असे समजावे आणि सौदा सोडावा. गिअरपेटीचा बूच काढून तेलाऐवजी तपकिरी पाणी निघाले तर आत गंज आहे. पितळी टाकीच्या डाख लावलेल्या सांध्यांत पाझर आहे का ते बोट फिरवून कळते. पाण्याच्या पिंपात सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि सुरू झाल्यावर थंडाव्याचे पाणी बाहेर पडत आहे याची खात्री करावी. ते येत नसेल तर बहुतेक वेळा वाळू आणि मीठ साचून वाट बुजलेली असते, व ती साफ करता येते. पिंपातले पाणी नंतर झाडांना घालू नये.

घरी आणताना आणि हंगामानंतर ठेवताना इंजिन उभेच ठेवावे. पंखा वर आणि इंजिन खाली अशा स्थितीत आडवे टाकले तर नळीत राहिलेले खारे पाणी उतरून सिलिंडरमध्ये शिरते. पाण्यातून काढल्यावर ते गोड्या पाण्याच्या बादलीत मिनिटभर चालवावे, मग पेट्रोलचा नळ मिटून कार्बुरेटरमधील मिश्रण संपेपर्यंत चालू द्यावे. ते आपोआप बंद पडेल.